विम्याच्या चिठ्ठ्या

बुधवारी सकाळी साडेदहा वाजता माझे पती सांगलीत, त्यांच्या दुकानात वारले. मी साताऱ्यात होते. शेजारच्या दुकानातून फोन आला. पावणेतीनला मी पोहोचले.

त्या दिवसाबद्दल याहून जास्त मला लिहिता येत नाही. प्रयत्न केला होता. त्यानंतर जे झालं ते मात्र लिहून ठेवायला हवं, कारण ते सांगणारे आता दोन तऱ्हांनी सांगतात.

एकतीस वर्षं आम्ही आठवड्यातला एक दिवस एकत्र राहिलो. माझी नोकरी साताऱ्याच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात, त्यांचं दुकान सांगलीत, मार्केट यार्डाकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका दुमजली संकुलात. वह्या, रजिस्टरं, बिलबुकं, शिक्क्याची शाई. हळदीच्या आणि गुळाच्या पेढ्यांना लागणाऱ्या खतावण्या ते स्वतः बांधून देत. शनिवारी संध्याकाळच्या एसटीने ते साताऱ्याला येत आणि सोमवारी सकाळच्या गाडीने परत जात. सुरुवातीला नातेवाईक म्हणायचे, कुणीतरी एकानं हलायला हवं. मूल झालं नाही, त्यामुळे हलण्याची निकड कधी आली नाही. मी निवृत्त झाल्यावरही त्यांनी इकडे यायचं की मी तिकडे जायचं, हे दोन वर्षं ठरत नव्हतं. रविवारी आम्ही दोघं वाचत बसायचो. ते दुकानाबद्दल बोलत नसत आणि मी विचारत नसे. मला वाटायचं, शांत माणसं अशीच राहतात.

दिवसकार्य उरकल्यावर महिन्याभरानं मी दुकान आवरायला गेले. शटर उघडून अर्धा तास झाला नसेल, तेवढ्यात दोघे जण आले. एक समोरच्या गाळ्यातले हळदीचे व्यापारी, ज्यांना सगळं संकुल अण्णा म्हणतं. दुसरे शेजारचे चाचा, शिलाई मशीन दुरुस्त करणारे. त्या बुधवारी फोन केला होता तो त्यांनीच. चाचा दारातच थांबले. अण्णा आत आले आणि काउंटरवर कागदांचा गठ्ठा ठेवला.

“वहिनी, बसा आदी. उभ्या ऱ्हाऊ नका.”

मी बसले.

“आमी काय त्यास्नी चोर म्हणाय आलेलो न्हाई. हे पयलं सांगतो.”

चाचा म्हणाले, “मग हे पयलं कशाला सांगताय अण्णा? दुसरंच सांगा की.”

मग अण्णांनी जे सांगितलं ते असं. संकुलाच्या इमारतीचा आगीचा आणि पुराचा विमा मालक काढत, आणि त्याचा हप्ता गाळ्याच्या आकाराप्रमाणे भाडेकरूंकडून घेत. भाडेकरारात तसं लिहिलेलंच होतं, त्यात वावगं काही नव्हतं. दरवर्षी दिवाळीच्या आधी प्रत्येक दुकानाला एक चिठ्ठी यायची: विमा हप्ता, एवढे रुपये. पैसे दिले की मालकांचे दिवाणजी चिठ्ठीवर शिक्का मारत. यंदा अण्णांना गोदामासाठी कर्ज हवं होतं. बँकेनं इमारतीच्या पॉलिसीची प्रत मागितली. मालकांच्या कार्यालयातून ती काही मिळेना, म्हणून बँकेनं थेट विमा कंपनीकडूनच मागवली. त्या प्रतीवर हप्त्याचा आकडा छापलेला होता.

“ह्यो कंपनीचा कागद. आन् ह्या सगळ्या गाळ्यांच्या यंदाच्या चिठ्ठ्या, गोळा केल्यात मी. बेरीज तुमीच करा. तुमी शिकलेल्या हायसा.”

मी बेरीज केली. आकडे जुळेनात म्हणून पुन्हा केली. दुकानदारांनी मिळून शंभर रुपये दिले असतील, तर कंपनीकडे सत्तरच गेले होते. वरचे तीस मालकांनी कमिशन म्हणून चढवले होते आणि चिठ्ठीत हप्ता या एका शब्दाखाली मिसळून टाकले होते. पॉलिसीवर एजंट म्हणून मालकांच्या सुनेचं नाव होतं. कंपनी एजंटला देते ते तिला रीतसर मिळतच असणार. हे त्याच्याही वरचं.

“हळदीच्या पोत्यात मूठभर माती निघाली तर आमी पोतं परत धाडतो,” अण्णा म्हणाले. “आन् हितं इतकी वर्सं...”

“तुमी तर चहाचा कप बी दोनदा मोजता,” चाचा म्हणाले. “हे कसं न्हाई मोजलंत?”

अण्णा चाचांकडे न बघता माझ्याकडे बघून म्हणाले, “न्हाई मोजलं, कारण अक्षर भाऊंचं हुतं. दिवाणजीनं लिवलं असतं तर मी चारदा वाचलं असतं.”

चिठ्ठ्या माझ्या पतींच्या हातच्या होत्या. मला पहिल्या चिठ्ठीलाच ते कळलं होतं, पण मी बेरजेत डोकं घालून बसले होते. ठळक, सरळ अक्षर, आकड्यांखाली दोन रेघा. कॉलेजातली पुस्तकांची कार्डं मी अशा अक्षरात लिहावीत असं मला नेहमी वाटायचं आणि कधी जमलं नाही. दिवाणजींचे आकडे कुणालाच लागत नसत, म्हणून दहाएक वर्षांपूर्वी दुकानदारांनीच म्हटलं होतं की भाऊंकडून लिहून घ्या. त्यात अण्णाच पुढे होते. तेव्हापासून दिवाणजी आकड्यांचा कागद आणत आणि हे त्यावरून चिठ्ठ्या लिहीत. ज्या माणसाच्या खतावणीत आपण रोज लिहितो, त्याच माणसाचं अक्षर. कुणी ते वाचलंच नाही, नुसतं ओळखलं आणि पैसे दिले.

“आनि एक हाय,” अण्णा म्हणाले. मग थांबले.

“बोला.”

“गाळं बावीस हायत. चिठ्ठ्या एकवीस निघाल्या. मागल्या वर्सीच्या काढल्या, त्या बी एकवीस. तुमच्या गाळ्याची कुठं हाय?”

चाचा दारातून म्हणाले, “आज नको हे. भाभींना श्वास तरी घेऊ द्या.”

“मी बघते,” मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

त्यानंतरचे दोन महिने मी दर आठवड्याला सांगलीला गेले. सकाळची गाडी, खिडकीची जागा. पुस्तक बरोबर असायचं, पण उंब्रज मागे पडलं तरी पान तेच असायचं. लोकांना वाटायचं, मी दुकान आवरते आहे. आवरतही होते. पण मी शोधत होते ती आमच्या गाळ्याची चिठ्ठी. ती मिळाली असती, एक जरी मिळाली असती, तर मी ती अण्णांच्या गादीवर नेऊन ठेवणार होते आणि एक शब्दही बोलणार नव्हते. माझ्या नवऱ्यानं शेजाऱ्यांच्या पैशातला वाटा घेतला नाही, एवढंच मला सिद्ध करायचं होतं. कमिशन परत मिळो न मिळो, त्याचं मला तेव्हा काही वाटत नव्हतं.

चिठ्ठी मिळाली नाही. रजिस्टरं मिळाली.

बांधणी चुकली, कापड तिरकं लागलं, की ते रजिस्टर ते विकत नसत, स्वतःच्या टिपणांना ठेवत. वर्षाला एक. माळ्यावर अशी चौदा होती. मी ती पुसली, वर्षं लावून मांडली आणि पहिल्यापासून वाचायला घेतली. वाचण्यासारखं फारसं नव्हतं. कागद आला, सरस संपला, अमुक पेढीची ऑर्डर. कधी पावसाचं. शनिवारच्या नोंदीत बहुतेक वेळा नुसतं ‘सातारा’. मी काहीतरी वेगळं शोधत होते की काय, असं मला एकदोनदा वाटलं, एखादी ओळ माझ्याबद्दल. ‘सातारा’ हीच ती असावी.

महापुराच्या वर्षाचं रजिस्टर पाण्यानं फुगलेलं होतं, पण वाचता येत होतं. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात ही नोंद होती:

‘हप्ता बराच वाढला. दिवाणजींकडे पॉलिसीची प्रत मागितली. संध्याकाळी मालक स्वतः आले. म्हणाले प्रत कशाला, लिहिण्याचं काम तुम्ही करता, तुमचा गाळा यापुढे हप्त्यात धरू नका. चहा घेतला. चिठ्ठ्या एकवीस.’

पुढच्या वर्षी: ‘चिठ्ठ्या लिहिल्या. एकवीस.’ त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. शेवटपर्यंत. प्रत मागितल्याचं पुन्हा कुठेही नाही. मी सगळी पानं पाहिली, चिकटलेली सोडवूनसुद्धा पाहिली.

‘चहा घेतला’ हे दोन शब्द मला सोडत नव्हते. ते नसते तर मी त्या नोंदीचा काही दुसरा अर्थ लावू शकले असते.

दिवाणजींना मी त्याच आठवड्यात भेटले. ते गावभागात राहतात, कृष्णेच्या बाजूला. सत्तरी गाठलेला माणूस, अजून सायकलवर फिरणारा. त्यांनी खुर्ची पुसून दिली.

“त्यांना माहीत होतं का?” मी विचारलं.

“वहिनी, भाऊंना काय माहीत होतं ते भाऊंना. त्यांनी विचारलं होतं, हे खरं. मालकांनी उत्तर दिलं नाही, सवलत दिली. मी तिथंच उभा होतो. चहासुद्धा मीच सांगितला.”

“मग ते काही म्हणाले?”

“म्हणाले, बरं.”

“हे तुम्ही कुणा वकिलासमोर सांगाल?”

ते हसले. हसण्यात काही कपट नव्हतं. “मला अजून तिथं चाकरी करायची आहे. मुलगा पुण्याला असतो, फोन करतो, पैसे पाठवत नाही.”

मी उठले. दारात ते म्हणाले, “भाऊ चांगले होते हो. दर वर्षी चिठ्ठ्या लिहून झाल्या की मला एक नवी डायरी द्यायचे.”

दरम्यान दुकानदारांनी एक वकील गाठली होती. तिशीतली मुलगी, बोलायला स्पष्ट. अण्णांच्या गादीवर बैठक झाली. खालच्या मजल्यावर सगळीकडे हळदीची बारीक धूळ असते, तिच्या काळ्या कोटाच्या बाह्या पिवळ्या झाल्या होत्या. तिनं सांगितलं ते मी टिपून घेतलं. मधला फरक मागता येईल. पण तीन वर्षांपलीकडचं मागायचं असेल, तर मालकांनी ही गोष्ट जाणूनबुजून लपवली हे दाखवावं लागेल. नाहीतर ते म्हणतील, तुम्ही कधी विचारलंच नाही, विचारलं असतं तर सांगितलं असतं.

“कुणी लेखी विचारलं होतं का? पॉलिसीची प्रत मागितली आणि त्यांनी टाळली, असं काही?”

अण्णा म्हणाले, “आमी कशाला मागतोय? आमी मागणारी असतो तर हे झालं असतं व्हय?”

कुणीतरी हसलं. माझ्या पिशवीत ते रजिस्टर होतं. मी ते साताऱ्याला नेत होते, घरी ठेवायला. बैठक संपली, चहा आला, मी निरोप घेतला आणि स्टँडवर आले.

अकरा दिवस मी ते कुणाला दाखवलं नाही. साताऱ्यात मी सकाळी वाचनालयात जाऊन बसत असे. तिथे निवृत्त फौजी वर्तमानपत्रांसाठी येतात, कुठल्या पानावरून मोठ्यानं भांडतात, मग एकमेकांना चष्मे देतात. मी त्यांच्यात बसून तीच गोष्ट उलटसुलट करत होते. ते पान दिलं तर एकवीस दुकानांना जुन्या वर्षांचे पैसे मागता येतील. आणि ते पान दिलं, की माझ्या नवऱ्याला शंका आली होती, त्याला सवलत मिळाली आणि तो गप्प बसला, हे त्याच्याच अक्षरात एकवीस जण वाचतील. नाही दिलं, तर कुणाला काही कळणार नाही. अण्णांच्या मनात संशय राहील, पण संशयच राहील. हळूहळू विरेल. मेलेल्या माणसाबद्दल लोक फार काळ वाईट बोलत नाहीत, निदान आमच्याकडे.

त्यांनी काय केलं असतं, हे मी स्वतःला विचारत होते. नंतर लक्षात आलं की तेच तर रजिस्टरात लिहिलेलं आहे. तेव्हा तो प्रश्न सोडून दिला.

बाराव्या दिवशी मी सांगलीला गेले. बँकेतून पैसे काढले होते. अण्णांच्या गादीवर अण्णा, चाचा आणि आणखी चारपाच जण होते. मी रजिस्टर उघडलं आणि नोंद मोठ्यानं वाचली. आयुष्यभर ग्रंथालयात हळू बोलायची सवय, आवाज पोहोचेना. अण्णा म्हणाले, “वहिनी, पुन्यांदा वाचा.” मी पुन्हा वाचली.

बाहेर हमाल पोती उतरवत होते.

अण्णा म्हणाले, “म्हंजे भाऊंस्नी वास आला हुता. आन् त्यांनी नाक दाबलं.”

“अण्णा, तोंड सांभाळा,” चाचा म्हणाले. “कुणासमोर बोलताय?”

“बरोबर बोलताहेत ते,” मी म्हणाले. “असंच झालं.”

मग मी पैशांचं पाकीट गादीवर ठेवलं. सहा दिवाळ्यांची आमच्या गाळ्याची वर्गणी, शेजारच्या त्याच मापाच्या गाळ्याच्या चिठ्ठ्यांवरून काढलेली. आमचा वाटा माफ झाला म्हणजे तो कुणीतरी भरला होता, तो या एकवीस जणांच्या चिठ्ठ्यांत वाटून गेला होता. अण्णा म्हणाले, “न्हाई, हे न्हाई चालायचं. काय म्हणत्याल लोक, इधवा बाईकडनं पैसं घेतलं.” मी म्हणाले, घ्या. ते नको म्हणाले. असं तीनचार वेळा झालं. शेवटी मी म्हणाले, “अण्णा, मी थकले आहे. कृपा करून घ्या.”

त्यांनी घेतले. मोजले. मग पुन्हा मोजले. चाचांनी ते बघितलं आणि या वेळी काही म्हटलं नाही.

पुढचं सांगायला फार नाही, पण लागलेला वेळ फार होता. वकिलीणबाईंनी त्या पानाच्या प्रतीसह नोटीस पाठवली. मालकांनी आधी सगळं नाकारलं. नंतर लिहिलं की तो व्यवस्थेचा खर्च होता. नंतर लिहिलं की चिठ्ठ्या भाडेकरूंच्याच माणसाच्या अक्षरात आहेत आणि त्याला सर्व माहिती होती. ते पत्र सगळ्यांच्या हातून फिरलं. मी ते अण्णांच्या गादीवर उभ्यानं वाचलं. त्या दिवशी चाचा मला स्टँडपर्यंत रिक्षानं सोडायला आले. वाटेत एवढंच म्हणाले, “भाभी, भाऊ दर रमजानात माझ्या दुकानाकडं बघायचे, मी नमाजला गेलो की. गिऱ्हाईक आलं तर थांबवून ठेवायचे. हे बी कुठंतरी लिवलेलं असंल की वहीत?”

मी म्हणाले, नाही, लिहिलेलं नाही.

“मग तुमी लिवा.”

कोर्टात जायच्या आधीच तडजोड झाली. मालकांनी सहा वर्षांचा फरक परत दिला, बिनव्याजी, तीन हप्त्यांत. यापुढे पॉलिसीची प्रत दर वर्षी फलकावर लावायची आणि पैसे थेट कंपनीच्या नावानं द्यायचे, असं ठरलं. त्याच्या आधीची चार वर्षं सोडून द्यावी लागली. आमचा गाळा मी रिकामा करून द्यावा अशी मालकांची अट होती. दुकानदार म्हणाले, ही अट मानू नका, आम्ही आहोत. मी मानली. मला तो चालवता येणार नव्हता.

संकुलात आता दोन तऱ्हा आहेत. काही जण म्हणतात, भाऊंनी लिहून ठेवलं म्हणून पैसे मिळाले. काही जण म्हणतात, भाऊंनी लिहून दिलं म्हणून पैसे गेले. अण्णा कोणत्या दिवशी काय म्हणतील सांगता येत नाही. चाचांनी मला हे फोनवर सांगितलं आणि विचारलं, मी त्यांच्याशी भांडू का? मी नको म्हणाले. दोन्ही खरं आहे.

माझ्या पतींना नक्की किती माहीत होतं, हे मला कळलेलं नाही. एकदा विचारलं होतं, नंतर विचारलं नाही, एवढं कळलं. मीही त्यांना एकतीस वर्षांत फारसं काही विचारलं नव्हतं.

गाळ्यात आता मोबाइलचं दुकान आहे. सांगलीत माझं काही काम उरलेलं नाही. मी साताऱ्यात राहते.